फिलिपिन्समधले लग्नाचे दागिने: घडवणाऱ्या बाईच्या हातात पैसे कसे पोचतील?

मीनल_अबुधाबी

नमस्कार मंडळी. धाकट्या भावाचं लग्न ठरलंय. होणारी भावजय फिलिपिन्सची, बुलाकान प्रांतातली, इथे अबू धाबीत नर्स आहे. आधी तिच्या गावच्या चर्चमध्ये लग्न आणि मग नाशिकला आपल्या पद्धतीने. नाशिकच्या लग्नाचं आईने कधीच ठरवून टाकलंय: मंगळसूत्र, तन्मणी, नथ, पाटल्या. प्रश्न चर्चमधल्या लग्नाचा आहे. त्या दिवशी तिच्या अंगावर आपण दिलेलंही काहीतरी असावं आणि ते तिच्या मातीतलं असावं, अशी आईची इच्छा. आईने आयुष्यभर शिवणकाम करून घर चालवलं, म्हणून तिची एक अट आहे: वस्तू बाईच्या हातची हवी आणि पैसे त्या बाईपर्यंत पोचायला हवेत.

नेटवर शोधलं तर जिथेतिथे 'महिला कारागिरांना साथ द्या' लिहिलेलं. हसऱ्या बाईचा फोटो असतो, पण तिचं नाव नाही, गाव नाही. बजेट साधारण दीड लाख. तिथे राहिलेलं, तिथल्या लोकांबरोबर काम केलेलं कुणी असेल तर मनापासून सांगा.

दर्यावर्दी

मीनलताई, अभिनंदन! माझी सगळी नोकरी फिलिपिनो खलाशांबरोबर झाली, त्यांच्या घरच्या लग्नांनाही जाऊन आलोय. दागिन्यांआधी विधी समजून घ्या, म्हणजे कुठे काय लागतं ते कळेल.

त्यांच्या चर्चमधल्या लग्नात आरास म्हणजे १३ नाण्यांचा विधी असतो. नवरा ती नाणी नवरीच्या ओंजळीत ओततो, म्हणजे मी तुझं आणि घराचं पाहीन असा शब्द देतो. आता बरीच जोडपी नाणी एकमेकांच्या हातात देतात. नंतर मानाच्या जोड्या पुढे येतात. एक जोडी दोघांच्या खांद्यांवर मिळून एकच पातळ वस्त्र टाचते, दुसरी त्यावरून इंग्रजी आठच्या आकारात कॉर्ड घालते. ही कॉर्ड रेशमी दोऱ्याची, मण्यांची, फुलांची कशाचीही असते. परंपरेने लग्नाचा खर्च मुलाकडचे उचलतात, त्यामुळे आरासची नाणी, ती ठेवायची पेटी आणि कॉर्ड तुमच्याकडून गेली तर तिच्या घरच्यांना ते अगदी रीतीला धरून वाटेल. ही नाणी आणि कॉर्ड घरात पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवतात.

हेमांगी_मनिला

मीनल, तुझी भावजय बुलाकानची आहे हे वाचून फार बरं वाटलं, कारण त्याच प्रांतात मेकावायान आहे. फिलिपिन्समध्ये दागिने घडवण्याचं सगळ्यात नावाजलेलं गाव तेच, मनिलाला अगदी लागून. अनेक वर्षं इथे राहतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इथला खास जुना दागिना म्हणजे तांबोरिन माळ. स्पॅनिश राजवटीत जपमाळेवरून ती आली. सोन्याच्या बारीक तारेचे पोकळ जाळीदार मणी ओळीने ओवलेले, खाली पदक, आणि बऱ्याचदा पदकात संताचं चित्र किंवा अवशेष ठेवायची डबी. जुन्या घराण्यांत सोन्याच्या असायच्या. आज बहुतेक माळा चांदीवर सोन्याचा मुलामा देऊन करतात, स्वस्तातल्या पितळेवर. तुझ्या बजेटमध्ये मुलाम्याची चांदीची माळ आणि कानातलं आरामात बसेल.

मी एका घरात हे काम जवळून पाहिलंय. आधी तार दोन पदरी करून पीळ देतात, मग रुळातून काढून चपटी करतात. त्या चपट्या तारेच्या कडेवर पिळाचे बारीक दाते दिसतात, लांबून चमकतं ते तेच. चिमट्याच्या टोकावर तार वळवून शेंगदाण्याच्या टरफलाएवढ्या अर्ध्या वाटीत एकेक वेटोळं बसवायचं, ब्रशने टाकणखाराचं पाणी लावायचं, वर डाखेचा कीस भुरभुरायचा आणि ज्योत फिरवायची. ज्योत क्षणभर जास्त रेंगाळली की सगळी जाळी वितळून गोळा होते. अशा दोन वाट्या जोडल्या की एक मणी तयार! त्या घरात तारेची वेटोळी बसवत होत्या सासू आणि सून. दुकानात माळ ज्या नावाने विकली जाते, तिथे या दोघींचा पत्ता नाही.

खरं दुखणं इथेच आहे. भट्टी, ओतकाम, खडे बसवणं या कामांवर पुरुषांची नावं असतात आणि त्यांना 'कारागीर' म्हणतात. वेटोळी भरणं, पॉलिश, मोती ओवणं, मण्यांचं काम बायका घरात बसून करतात, नगावर पैसे घेतात, आणि ते 'मदत' म्हणून धरलं जातं. म्हणून दुकानदाराला 'हे हाताने केलंय का?' एवढं विचारून भागत नाही. तार कोणी भरली, ओवलं कोणी, त्यांना नगामागे काय मिळतं, त्यांना भेटता येईल का, हे सगळं विचारायचं. जो सरळ उत्तर देतो आणि भेटवतो त्याच्याकडेच ऑर्डर द्यायची.

पाटील_हुपरी

हेमांगीताईंनी लिहिलेलं वाचून आमचंच गाव डोळ्यापुढं आलं. आमच्याकडं चांदीचं काम घराघरात चालतं. पैंजणाच्या कड्या जोडायच्या, घुंगरू लावायचे, ही कामं बाया सैपाक उरकून दारात बसून करतात. मजुरी नगावर. माझी आई हेच करत म्हातारी झाली, डोळ्यांवर परिणाम झाला, पण गिऱ्हाइकाला तिचं नाव कधी कळलं नाही.

कारागीर म्हणून दोन गोष्टी सांगतो. तारेच्या कामात धातू थोडा आणि वेळ भरपूर लागतो. आपल्या लोकांची सवय अशी, की आधी वजन करायचं, दिवसाच्या भावाने किंमत काढायची आणि घडणावळीवर घासाघीस करायची. तारकामाला हा हिशेब लावला की तो थेट बाईच्या पोटावर बसतो, कारण तिथं किंमत घडणावळीचीच असते. चांदीचा भाव कुणी कमी करत नाही, तारेचा व्यापारी उधारी ठेवत नाही, मग कमी होतं कुणाचं? तेव्हा घडणावळ सांगितली तेवढी द्या, आणि निम्मी आगाऊ द्या. आगाऊ दिली नाही तर कारागीर मालासाठी सावकाराकडं जातो.

दुसरं, मुलामा किती जाड आहे ते विचारा आणि बिलावर लिहून घ्या. पातळ मुलामा घामानं वर्षात उडतो. तुटलेला मणी बदलून मिळंल का, हेही आधीच ठरवून घ्या.

अश्विनी_जेबेलअली

मोती देणार असाल तर एक मिनिट थांबा! माझ्या ऑफिसात फिलिपिना मैत्रिणी आहेत. त्यांच्यात बऱ्याच घरांत नवरीने लग्नात मोती घालणं अशुभ मानतात, मोती म्हणजे अश्रू. सगळेच मानत नाहीत, पण आजी-आजोबा असलेल्या घरात आधी विचारावं. आणि भावंडांची लग्नं एकाच वर्षात करत नाहीत, तुमच्याकडे तसं काही असेल तर तेही बघा.

मीनल_अबुधाबी

अश्विनी, बरं झालं सांगितलंस. आई मोत्यांचाच विचार करत होती. पण गंमत म्हणजे मोती हे तर तिथलं राष्ट्रीय रत्न ना?

हेमांगी_मनिला

हो, १९९६ साली राष्ट्राध्यक्ष फिदेल रामोस यांनी साउथ सी मोत्याला राष्ट्रीय रत्न जाहीर केलं. हजार पेसोच्या नोटेवरही तो आहे. पलावान बेटाच्या समुद्रातला सोनेरी मोती जगात नावाजलेला आहे. तो शिंपल्यात तयार व्हायला काही वर्षं लागतात, किंमतही त्या मानाने. आणि तरीही लग्नाच्या दिवशी नको म्हणणारी घरं आहेत. दोन्ही खरं आहे.

मनिलात ग्रीनहिल्सच्या बाजारात मोत्यांच्या ओळीच्या ओळी आहेत. तिथल्या कितीतरी विक्रेत्या दक्षिणेच्या मिंदानाओ बेटाकडच्या मारानाव समाजातल्या मुस्लिम बायका. भाव करायला पक्क्या आणि मोती ओवायला त्याहून पक्क्या. तुमच्यासमोर बसून प्रत्येक मोत्यामागे गाठ मारत माळ ओवून देतात. तिथे साउथ सी म्हणून बऱ्याचदा गोड्या पाण्यातले चिनी मोती दाखवतात, ते वाईट नसतात पण भाव वेगळा हवा. लग्नासाठी नको असतील तर सासूबाईंना, म्हणजे तुझ्या आईला, तिथून माळ घे. ओवायची मजुरी वेगळी विचार आणि ओवणारीच्याच हातात दे.

कुंभारजुवेकर

गोव्याहून लिहितो. दर्यावर्दींनी आरासच्या पेटीचा विषय काढला म्हणून. तिथे कापिझ नावाच्या चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्याच्या पेट्या मिळतात. आमच्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी लावलेला असतो तोच हा शिंपला. फिलिपिन्सच्या जुन्या घरांतही खिडक्या तशाच. पत्नी तिथे गेली होती तेव्हा एका घराच्या खिडकीपाशी किती तरी वेळ उभी राहिली, तिला आजोळ आठवलं.

एक खबरदारी. जुने म्हणून कासवाच्या पाठीचे कंगवे दाखवतात, ते घेऊ नका. पोवळ्याचे दागिने, मोठ्या शिंपल्याच्या वस्तूही नकोत. तिथल्या आणि आपल्या दोन्ही कायद्यांत अडचण आहे, शिवाय समुद्राचा जीव जातो. कापिझला हरकत नाही.

सायली_एस

मला थोडं वेगळं म्हणायचंय. मेकावायान ठीक, पण 'फिलिपिन्सच्या बायकांची कला' म्हटलं की मला डोंगरातल्या समाजांची आठवण होते. मिंदानाओत लेक सेबूजवळच्या त्बोली समाजाच्या बायका त्नालाक नावाचं कापड विणतात, मण्यांचे दागिने करतात, कमरेला घुंगरांचे पट्टे बांधतात. मीनल, नवरीसाठी त्यातलंच काही घे ना. मोठ्या शहरातल्या दुकानांत त्याच नक्षीचे स्वस्त दागिनेही मिळतात.

हेमांगी_मनिला

सायली, त्बोली बायकांच्या कामाबद्दल मला अतोनात आदर आहे, म्हणूनच शेवटचं वाक्य खटकलं. 'त्याच नक्षीचे स्वस्त दागिने' म्हणजे कुणाची तरी नक्षी न विचारता उचललेली.

त्नालाक अबाकाच्या, म्हणजे केळीसारख्या एका झाडाच्या, धाग्याचं असतं. विणण्याआधी धागे गाठी मारून रंगवतात आणि नक्षी कागदावर नसते, विणणारीच्या डोक्यात असते. परंपरा अशी की ती स्वप्नात येते, अबाकाची देवता फू दालू ती देते. कापड मागावर असताना ओलांडायचं नाही, उगीच कापायचं नाही. विकायचं झालं तर त्याला पितळेचं कडं अडकवतात, देवतेचा कोप होऊ नये म्हणून. लग्नात वराकडून वधूकडे जाणाऱ्या देण्यातही त्नालाकला मान आहे. लांग दुलाय या विणकर बाईंना १९९८ साली फिलिपिन्स सरकारने 'गावाद सा मान्लिलिखा नांग बायान' हा लोककलाकारांचा सर्वोच्च सन्मान दिला. २०१५ साली त्या गेल्या, पण त्यांच्या हाताखाली शिकलेल्या पुष्कळ जणी आज विणतात. उत्तरेत पर्वतप्रांतातल्या गादांग समाजाच्या आम्पारो बालान्सी माबानाग यांना २०२३ साली तोच सन्मान कापडावरच्या मण्यांच्या आणि भरतकामाच्या कामासाठी मिळाला. मण्यांचं काम 'फावल्या वेळातलं' समजणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं असं मला वाटतं.

१९९७ च्या आदिवासी हक्क कायद्याने या समाजांचा आपल्या ज्ञानावर आणि कलेवर हक्क मानलाय. तेव्हा त्बोली काम हवं तर लेक सेबूच्या बायकांच्या गटाकडूनच घ्या, आणि नक्षी कशाची, कधी वापरायची हे त्यांना विचारा. आणि मुख्य म्हणजे नवरी बुलाकानची, तागालोग समाजातली. तिच्या घरात त्बोली दागिना आणि तन्मणी, दोन्ही सारखेच परके. तिच्या मातीतलं म्हणजे तांबोरिनच.

सायली_एस

नक्षीचा मुद्दा पटला. लेक सेबूच्या गटाकडून मी स्वतःसाठी मागवणार आहे, मीनलसाठी विषय सोडते.

इतिहासवेडा

धाग्यात सोन्याचा विषय आहे आणि लागूना ताम्रपटाचं नाव अजून आलं नाही, म्हणून लिहितो. १९८९ मध्ये लागूना सरोवराला मिळणाऱ्या लुम्बान नदीच्या मुखाशी वाळू उपसताना तांब्याचा एक पत्रा सापडला. त्यावरची मिती वाचा: शके ८२२, वैशाख, कृष्ण पक्ष, चतुर्थी, सोमवार. आपल्या पंचांगातलाच शक! म्हणजे इसवी सन ९००. मजकूर आहे कर्जमुक्तीचा. नाम्वारान नावाच्या माणसावर १ काती आणि ८ सुवर्ण (ही त्या काळची वजनं) एवढं सोन्याचं ऋण होतं, ते माफ झाल्याचा हा लेख त्याच्या मुलांना दिलेला आहे, आणि त्यात मुलीचं, आंगकातानचं, नाव स्पष्ट कोरलंय. अकराशे वर्षांपूर्वी सोन्याच्या हिशेबात बाईचं नाव लिहिलं जात होतं. आज बिलावर का लिहिलं जाऊ नये?

मनिलाजवळ मकातीत आयाला संग्रहालय आहे, लग्नाला गेलात की नक्की जा. १९८१ मध्ये सुरिगाओत पाटबंधाऱ्याच्या कामावर यंत्र चालवणाऱ्या एका कामगाराला सोन्याचा साठा सापडला. त्यातलं विणलेल्या सोन्याचं यज्ञोपवीत या संग्रहालयात आहे, जवळजवळ ४ किलोचं. स्पॅनिश येण्याच्या कितीतरी शतकं आधीचं काम आणि तारेची सफाई बघून थक्क व्हायला होतं. आगुसानची तारा देवीची म्हणून ओळखली जाणारी सोन्याची मूर्तीही अशीच, १९१७ साली पुरानंतर वावा नदीकाठी मानोबो या आदिवासी समाजातल्या एका बाईला सापडली. ती मात्र शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये आहे.

रोहिणी_के

सोनं येतं कुठून, यावर कुणी बोललं नाही. कामारिनेस नोर्ते प्रांतातलं पाराकाले स्पॅनिश काळापासून सोन्याच्या खाणींसाठी प्रसिद्ध आहे. तिथे चिखलपाण्याने भरलेल्या खड्ड्यांत माणसं कॉम्प्रेसरची नळी तोंडात धरून उतरतात. ह्युमन राइट्स वॉचने २०१५ साली तिथल्या आणि मास्बाते प्रांतातल्या खाणींत राबणाऱ्या मुलांबद्दल सविस्तर अहवाल काढला होता. सोनं वेगळं करायला पारा वापरतात. छोट्या खाणींत पाऱ्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी वापर थांबला नाही. आणि मेकावायानची नदी २००७ मध्ये जगातल्या अतिप्रदूषित ठिकाणांच्या यादीत होती, त्याला चामड्याचे कारखाने, शिशाच्या भट्ट्या आणि सोनं शुद्ध करण्याचे धंदे सगळेच कारण. तिथे राहणाऱ्या बायकांच्या चुलीजवळ हे सगळं येतं. कृपा करून नवं सोनं घेऊ नका.

पाटील_हुपरी

रोहिणीताई, अगदी बरोबर. जुनी चांदी वितळवून काम करणारे कारागीर तिथंही असणार, आमच्याकडं तर सर्रास करतात. ऑर्डर देतानाच सांगायचं, की मोडीच्या चांदीतून करा. आणि घरात बाई ज्योतीवर काम करत असंल तर खिडकी आहे का, धूर बाहेर जातो का, तेवढं डोळ्यानं बघा. मुलाम्याच्या कामात विषारी रसायनं असतात, ते राहत्या घरात होऊच नये.

दर्यावर्दी

माझ्याबरोबरचे खलाशी बायकोला 'सौदी गोल्ड' नेतात. त्यांच्या मते दागिना असा हवा, की अडीनडीला गहाणाच्या दुकानात तोलून पैसे मिळावेत. तारकामाला तिथे फक्त वजनाचे पैसे मिळतात. भावजयीला विचारून घ्या, तिला अडचणीला उपयोगी पडणारं सोनं हवंय की ही माळ. नर्स आहे, तिने स्वतःच्या जिवावर संसार उभा केलाय, तिचं मत पहिलं.

मीनल_अबुधाबी

दर्यावर्दीदादा, काल तिच्याशी आणि तिच्या आईशी व्हिडिओ कॉलवर बोलले. गहाणाच्या दागिन्याचं विचारलं तर म्हणाली, ते माझं मी घेतलंय. मोत्यांना तिच्या आजीचा, लोलाचा, साफ नकार. तांबोरिनचं नाव काढताच लोला स्क्रीनजवळ आल्या. त्यांच्या आईची माळ होती, घरातल्या आजारपणात विकली. आता मुलाम्याच्या चांदीची माळ करायची ठरलंय, मोडीच्या चांदीतून. भावजयीच्या मावशीच्या ओळखीत मेकावायानला एक बाई आहेत, त्या स्वतः तार भरतात, आपल्या दोन मुलींना हे काम शिकवतात. दुकान नाही, मागणी आली की घरी काम. घडणावळ त्यांनी सांगितली ती आईने एका शब्दात मान्य केली आणि निम्मी रक्कम त्यांच्या स्वतःच्या खात्यात पाठवली, मध्ये कुणी नाही.

आता कॉर्डचा प्रश्न. तिला मण्यांची कॉर्ड हवीय. इथूनच करून नेली तर चालेल का? आणि माळेच्या पेटीवर त्या बाईंचं नाव घालायचं म्हटलं तर त्या लाजल्या, नको म्हणाल्या. काय करावं?

हेमांगी_मनिला

कॉर्ड अबू धाबीहून नेण्यापेक्षा इथे फिलिपिन्समध्येच करून घे, तार भरणाऱ्या बाईंच्या दोन मुली मणी ओवत असतील तर त्यांनाच दे. ती वजनाने हलकी असावी, चर्चमधल्या प्रार्थनेत दोघांच्या खांद्यांवर बराच वेळ राहायची असते. मण्यांच्या मध्ये दोऱ्याची गाठ हवी, नाहीतर एक तुटला की सगळे चर्चभर घरंगळतात. लांबी किती हे चर्चमध्ये लग्नाची व्यवस्था बघणाऱ्या बाईंना विचारून मगच सांग.

नावाचं त्यांच्या मर्जीने होऊ दे. लाजत असतील तर पेटीवर नको, बिलावर लिही. बिल त्यांच्या नावाने बनव, एक प्रत त्यांना दे. पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला तेच कामी येतं. आणि लग्नाला बोलावलंस का त्यांना? इथे आवर्जून बोलावतात.

पाटील_हुपरी

मीनलताई, माळ आल्यावर मणी मोजून घ्या आणि दोन मणी जादा मागून ठेवा. तारेचा मणी दाबला गेला की सरळ होत नाही, बदलावाच लागतो, आणि पुढं तोच हात मिळंल याचा नेम नाही. ठेवताना मऊ सुती कापडात एकटी ठेवा, पाटल्यांबरोबर एका डब्यात नको. नाशिकच्या लग्नात हळदीच्या आधी काढायला सांगा, जाळीत हळद अडकली की ब्रशनंही निघत नाही.

मीनल_अबुधाबी

दोन जादा मण्यांचं आत्ताच कळवते. आणि हो, हेमांगी, बोलावलंय. मुलींसकट येणार आहेत.